सूत्राआधीचा प्रस्तार

दापोलीहून हर्णैकडे जाताना आसूद लागतं. पोफळीच्या बागांतून खाली उतरायचं, ओढा ओलांडायचा, पायऱ्या चढायच्या, की केशवराजाचं देऊळ येतं. रत्नागिरी तालुक्यात कोळिसऱ्याला लक्ष्मीकेशव आहे, चिपळूण तालुक्यात बिवलीला लक्ष्मीकेशव आहे, मंडणगड तालुक्यात शेडवईला पुन्हा केशवराज. रत्नागिरी जिल्ह्यात विष्णू असा केशव होऊन वारंवार भेटतो. हे नाव भक्तांनी लाडाने दिलेलं नाही, ते मूर्तीच्या हातांत लिहिलेलं असतं. मूर्तीच्या उजव्या बाजूच्या खालच्या हातापासून सुरुवात करायची आणि प्रदक्षिणेच्या दिशेने वाचत जायचं. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला की तो केशव. मूर्तींचे अभ्यासक ‘प-शं-च-ग’ एवढंच म्हणतात आणि पुढे जातात. हीच चार आयुधं हातांत इकडची तिकडे झाली की नारायण होतो, माधव होतो, गोविंद होतो.

किती नावं होतील? पहिल्या हाताला चार आयुधांतलं कोणतंही चालेल. दुसऱ्याला उरलेल्या तिघांतलं, तिसऱ्याला दोघांतलं आणि चौथ्याला जे राहील ते. चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, म्हणजे २४. संध्या करणारी माणसं आचमनाच्या वेळी ज्या चोवीस नावांचा उच्चार करतात, ती हीच. कोणत्या क्रमाला कोणतं नाव, याबद्दल पुराणांत आणि शिल्पग्रंथांत काही ठिकाणी मतभेद आहेत. पंचविसावं रूप मात्र कोणत्याच ग्रंथात नाही, कारण ते असूच शकत नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त नेमकं हेच उदाहरण घातलं आहे. हरीच्या चार हातांतल्या आयुधांची अदलाबदल केली तर किती मूर्ती होतील? त्याच दमात ते शंभूच्या दहा हातांतल्या दहा आयुधांचंही विचारतात. तिथे उत्तर येतं ३६,२८,८००. चारावरून दहावर गेलो तर संख्या चोविसावरून छत्तीस लाखांवर जाते, हा धक्का विद्यार्थ्याला बसावा म्हणूनच ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली असणार.

आपल्या मुलांना हा विषय अकरावीत भेटतो, ‘परम्युटेशन-कॉम्बिनेशन’ या नावाने. विज्ञान शाखेला गेलेली बहुतेक मुलं तो इंग्रजीतून शिकतात. फॅक्टोरियलचं चिन्ह, एनपीआर, एनसीआर, मग त्यांची सूत्रं, मग पन्नास गणितं. गणित समोर आलं की मुलगा किंवा मुलगी पहिला प्रश्न विचारते, ‘सर, यात पी लावायचा की सी?’ हा प्रश्न वर्गावर्गातून ऐकू येतो आणि तो मुलांच्या आळसाचा पुरावा नव्हे. आपण त्यांच्या हातात शेवटचं पान आधी दिलं, त्याचा तो परिणाम आहे. ज्या भूमीत हा विषय दोन हजार वर्षं वाढला, तिथे तो कधीही सूत्रापासून सुरू झाला नव्हता. तो मांडून बघण्यापासून सुरू झाला. त्या मांडून बघण्याला आपल्याकडे प्रस्तार म्हणत. प्रस्तार शाळेत परत आला पाहिजे, हे आमचं म्हणणं आहे आणि त्यासाठी हा लांबचा इतिहास सांगायचा आहे.

सुरुवात कवितेपासून होते. पिंगलाचं छंदःसूत्र इसवी सनापूर्वी दोन-तीन शतकांचं मानलं जातं. त्याच्या शेवटच्या अध्यायात प्रश्न असा आहे: ओळीतलं प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू असू शकतं, तर इतक्या अक्षरांच्या ओळीच्या चाली किती? पिंगलाच्या परंपरेने या एका प्रश्नाचे सहा तुकडे केले आणि त्यांना प्रत्यय म्हटलं. सगळ्या चाली ओळीने लिहून काढणं म्हणजे प्रस्तार. अमुक क्रमांकाची चाल कोणती, हे यादी न लिहिता सांगणं म्हणजे नष्ट. समोर आलेली चाल यादीत कितवी, हे सांगणं म्हणजे उद्दिष्ट. एक गुरू असलेल्या किती, दोन गुरू असलेल्या किती, हे मोजणं म्हणजे लगक्रिया. एकूण किती, ही संख्या. सहावा प्रत्यय अध्वयोग, म्हणजे एवढा प्रस्तार लिहायला जागा किती लागेल! धुळीत किंवा फळ्यावर खरोखर लिहिणाऱ्या माणसालाच हा प्रश्न पडू शकतो. त्या सहांतले दोनच आज आपल्या पाठ्यक्रमात जिवंत आहेत, लगक्रिया आणि संख्या. सी हे लगक्रियेचंच आजचं नाव म्हणता येईल. बाकीचे चार आपण गाळले.

आणि गाळले तेही अशा मुलांसमोर, ज्यांनी मराठी व्याकरणाच्या तासाला प्रस्तार पाठ केलेला असतो. तीन अक्षरं, प्रत्येक लघू किंवा गुरू, म्हणून दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ गण. यमाचा, राधिका, ताराप, नमन, भास्कर, जनास, समरा, मानावा: पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांनी हे शब्द घोकले. ते आठच का, नऊ का नाहीत, हे सहसा कोणी सांगत नाही, कारण ते सांगणं गणिताच्या शिक्षकांचं काम समजलं जातं आणि गणिताच्या शिक्षकांना गणांशी कर्तव्य नसतं.

संस्कृतात याच आठ गणांसाठी जुनं सूत्र आहे, ‘यमाताराजभानसलगा’. दहा अक्षरं. पहिल्या अक्षरापासून तीन घ्या, य-मा-ता: लघू, गुरू, गुरू, हा य गण. एक अक्षर सोडून पुढची तीन, मा-ता-रा: तिन्ही गुरू, म गण. मग ता-रा-ज हा त गण, रा-ज-भा हा र गण. असं एकेक पाऊल सरकत गेलं की आठही गण एकेकदाच येतात, कोणी राहत नाही आणि कोणी दोनदा येत नाही. शेवटच्या ‘लगा’मधली लघू-गुरूची जोडी आणि सुरुवातीच्या ‘यमा’तली जोडी सारखीच, म्हणून ती एकावर एक ठेवली तर आठ अक्षरांचं वर्तुळ पूर्ण होतं. अशा वर्तुळांना आजच्या गणितात डच गणिती निकोलास द ब्रॉइन यांचं नाव आहे, त्यांचा त्यावरचा लेख १९४६चा. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती शिकावी लागतात. ती आपल्या व्याकरणाच्या वहीत होती.

मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. य गण चार वेळा, एका चरणात बारा अक्षरं. बारा अक्षरांच्या ओळीच्या एकूण चाली ४०९६. त्यांतली एक रामदासांनी उचलली आणि ती आज घराघरांत लहान मुलांच्या तोंडी आहे. मात्रावृत्तांचा हिशेब निराळा. तिथे अक्षरं नाही तर मात्रा ठरलेल्या, लघूची एक आणि गुरूच्या दोन. एका मात्रेची ओळ एकाच तऱ्हेने होते, दोन मात्रांची दोन, तिनाची तीन, चाराची पाच, पाचाची आठ. ओळीच्या शेवटी लघू आहे की गुरू, एवढंच बघितलं की कळतं: शेवटी लघू असेल तर मागे एक मात्रा कमी असलेली ओळ, गुरू असेल तर दोन कमी असलेली. म्हणून प्रत्येक संख्या मागच्या दोहोंची बेरीज. सोळा मात्रांच्या ओळीपर्यंत पोचलो की १५९७. विरहांकाने आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने हे लिहून ठेवलं. इटलीतल्या फिबोनाचीचं पुस्तक १२०२ सालचं आणि आपली मुलं ही मालिका त्याच्या नावाने ओळखतात. नावाचं आम्हाला फार दुःख नाही. ती मालिका मात्रावृत्तांच्या ठेक्यातून निघाली हे मुलांना कळत नाही, याचं आहे.

आतापर्यंत मुख्यतः क्रमाचं गणित झालं. निवडीचं गणित स्वयंपाकघरातून आणि वैद्याच्या खलातून आलं. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट हे सहा रस. त्यांच्या मिश्रणांचे प्रकार सुश्रुतसंहितेत मोजलेले आहेत: एकेकटे ६, दोन-दोनचे १५, तीन-तीनचे २०, चार-चारचे १५, पाच-पाचचे ६, सहाही एकत्र १, मिळून ६३. भास्कराचार्यांनी हाही प्रश्न ‘लीलावती’त घेतला. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत सोळा सुगंधी द्रव्यांतून चार-चार निवडून होणाऱ्या सुवासांची संख्या दिली, १८२०.

यातल्या तीन-तीनच्या वीस प्रकारांपाशी थोडं थांबू, कारण ‘पी की सी’ या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. सहा रसांतून तीन निवडताना पहिला सहा तऱ्हांनी, दुसरा पाच, तिसरा चार, असं मोजलं तर १२० होतात. पण आवळ्याच्या चटणीत आंबट, तुरट आणि खारट उतरले, तर त्यांतला कोणता आधी पडला हे जिभेला ठाऊक नसतं. तीन रसांचे सहा क्रम, आणि ते सहाही आपण वेगवेगळे मोजून बसलो. म्हणून १२०ला सहाने भागायचं, २० उरतात. एनसीआरच्या सूत्राखाली जो छेद असतो तो हा. मूर्तीच्या हातात मात्र शंख आणि चक्राची अदलाबदल झाली की देवाचं नाव बदलतं, तिथे भागायचं नाही. काय वेगळं मानायचं आणि काय एक मानायचं, हे आधी ठरवावं लागतं. ते एकदा ठरलं की सूत्र मागून आपोआप येतं, आणि ते ठरलेलं नसेल तर कितीही सूत्रं पाठ असली तरी उपयोग नाही.

निवडीचं सर्वसाधारण सूत्र महावीराच्या ‘गणितसारसंग्रहा’त आहे. सुमारे ८५०चा हा ग्रंथ राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला. त्यानंतरच्या शतकात हलायुधाने पिंगलावर टीका लिहिताना चौकोनांवर चौकोन रचून मेरू उभा केला, ज्याच्या प्रत्येक घरात वरच्या दोन घरांची बेरीज येते. ब्लेझ पास्कालने या त्रिकोणावर पुस्तक लिहिलं ते १६५४च्या सुमारास.

पण या विषयाचा खरा बहर सह्याद्रीच्या पूर्वेला, यादवांच्या राज्यात आला आणि महाराष्ट्राने तो अभिमानाने सांगावा असा आहे. भास्कराचार्य जन्मले शके १०३६ला, म्हणजे १११४ साली. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं ते स्वतः सांगतात. ‘लीलावती’चा शेवटचा विषय अंकपाश. अंकांचा पाश, म्हणजे आकड्यांच्या मांडण्या. त्यात सारखे आकडे पुन्हा आले तर काय करायचं, हेही आहे: २, २, १, १ यांच्यापासून चार आकडी संख्या किती होतील? सहा. ४, ८, ५, ५, ५ यांच्यापासून पाच आकडी किती? वीस. अध्यायाच्या अखेरीस ते बजावतात की इथे गुणाकार-भागाकार-वर्ग-घन काहीच विचारलेलं नाही, तरी गणिताचा गर्व झालेली पोरं या पाशात हमखास सापडतात. अकरावीच्या शिक्षकांना हे वाक्य आजही पटेल.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाच्या दरबारात ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी चाळीसगावजवळ पाटण्याला मठ काढला. त्याचा शिलालेख शके ११२८चा आहे आणि तो उजेडात आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. गणिताच्या ग्रंथांसाठी मठ, राजाश्रयाने, तेराव्या शतकाच्या तोंडावर! आणि त्याच सिंघणाच्या पदरी, देवगिरीला, शार्ङ्गदेव होता. त्याचा ‘संगीतरत्नाकर’ गायकांच्या परिचयाचा आहे, गणिताच्या वर्गात मात्र त्याचं नाव निघत नाही. ते निघायला हवं, कारण पिंगलाने कवितेसाठी जे केलं ते शार्ङ्गदेवाने स्वरांसाठी केलं आणि अधिक देखण्या रीतीने केलं.

एका स्वराची तान आर्चिक, दोनांची गाथिक, तिनांची सामिक, चारांची स्वरांतर, मग औडव, षाडव, संपूर्ण. स्वर एकदाच घ्यायचे आणि क्रम बदलत जायचे, तर या ताना अनुक्रमे १, २, ६, २४, १२०, ७२० आणि ५०४०. तीन स्वरांचा प्रस्तार असा: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. नीट बघितलं तर शेवटचा स्वर दोन-दोन तानांनंतर बदलतो, आधी ग, मग रे, मग सा. चार स्वर घेतले की सहा-सहाचे गट पडतात: पहिल्या सहा तानांच्या शेवटी म, पुढच्या सहांच्या शेवटी ग, मग रे, मग सा.

आता नष्ट विचारू. चोवीस तानांतली सतरावी कोणती? यादी लिहायची नाही. सहा-सहाचे दोन गट, म्हणजे बारा ताना उलटून गेल्या, आपण तिसऱ्या गटात. म्हणून शेवटी रे. सतरातून बारा गेले, पाच राहिले. उरलेले स्वर सा, ग, म. यांच्यात दोन-दोनचे गट, दोन गट उलटले, आपण तिसऱ्यात. म्हणून रेच्या आधी सा. पाचातून चार गेले, एक राहिला. उरले ग आणि म, ते सरळ क्रमाने. सतरावी तान ग-म-सा-रे. उलट प्रश्न, उद्दिष्ट: ग-म-सा-रे कितवी? बारा अधिक चार अधिक शून्य अधिक एक, सतरा. शार्ङ्गदेवाने यासाठी खंडमेरू नावाचा तक्ता दिला. एका रकान्यात १, पुढच्यात ०, १, त्यापुढच्यात ०, २, ४, मग ०, ६, १२, १८, असं करत सातव्या रकान्यात ० पासून ४३२० पर्यंत. प्रत्येक रकान्यात एकेक खडा ठेवायचा आणि खड्यांखालच्या आकड्यांची बेरीज करायची. सगळे खडे तळाला नेले की बेरीज भरते बरोबर ५०४०. कोणी करून बघावं, पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यातून मिळणारा आनंद खूप मोठा आहे.

गवयांनी हे सोडलं नाही. मेरुखंडाचा रियाज हिंदुस्थानी संगीतात टिकला आणि मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याने त्याला आपली ओळख केलं. इंग्लंडात हीच संख्या चर्चच्या घंटांतून वाजली. सात घंटा, प्रत्येक वेळी निराळा क्रम, एकही क्रम पुन्हा यायचा नाही. ५०४० फेऱ्यांचा पूर्ण प्रस्तार नॉर्विच शहरात २ मे १७१५ रोजी वाजवला गेला, सव्वातीन तासांच्या आसपास. देवगिरी आणि नॉर्विच यांना एकमेकांची खबर नव्हती. सात वेगवेगळ्या गोष्टी ओळीत लावायला घेतल्या की कोणत्याही देशात माणूस याच आकड्याशी पोचतो.

१३५६ साली नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त अंकपाशाला स्वतंत्र आणि विस्तृत प्रकरण दिलं. त्यानंतर हा धागा कोकणात येतो. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे केशव दैवज्ञ आणि त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ. गणेशांच्या ‘ग्रहलाघवा’वर (शके १४४२) आपली पंचांगं शतकानुशतकं चालली. त्यांनीच शके १४६७ला, म्हणजे १५४५ साली, ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली. तिचं मोल असं की ती नियम सांगून थांबत नाही, उपपत्ती देते. असं का होतं, ते दाखवते. समुद्रकाठच्या एका खेड्यात बसून माणूस ‘का’ विचारत होता आणि उत्तर लिहून ठेवत होता. आजच्या गाइडमधून नाहीसा झालेला भाग नेमका हाच आहे.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदललं. मुंबईत जॉन टेलर नावाच्या डॉक्टराने १८१६ साली ‘लीलावती’चं इंग्रजी भाषांतर छापलं, पुढच्याच वर्षी कोलब्रुकचं आलं. म्हणजे पाश्चात्त्यांना भास्कराचार्य कळले तेव्हाच इथल्या शाळांतून ते बाहेर पडू लागले होते. पण नवं गणित घ्यायला रत्नागिरी जिल्हा मागे राहिला नाही, हेही तितकंच खरं. पोंभुर्ले आज सिंधुदुर्गात आहे, १९८१पर्यंत रत्नागिरीत होतं. तिथले बाळशास्त्री जांभेकर ‘दर्पण’कार म्हणून सर्वांना माहीत आहेत. ते एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत आणि त्यांनी कॅल्क्युलसवर मराठीत ‘शून्यलब्धि’ लिहिलं, हे कमी जणांना माहीत असतं. रत्नागिरी शहरात जन्मलेले टिळक पुण्यात गणित शिकवत होते. ते बाजूला झाल्यावर १८९१ साली फर्ग्युसनमध्ये त्यांच्या जागी गणित शिकवायला आले दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे. त्याच तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले, पहिले भारतीय. आणि मुरूडचेच शंकर बाळकृष्ण दीक्षित. त्यांनी शिक्षकी करता करता भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठी इतिहास लिहिला, तो १८९६ला प्रसिद्ध झाला. पाटण्याचा मठ आणि नांदगावचे गणेश दैवज्ञ आज मराठी वाचकाला भेटतात ते मुख्यतः दीक्षितांमुळे. एका तालुक्याने थोड्या वर्षांत इतकी माणसं दिली. त्यांच्या पिढीला जुनं आणि नवं दोन्ही येत होतं. दोन्हींचा सांधा मात्र पाठ्यपुस्तकात कधी जुळला नाही. परीक्षेला संख्या हवी होती, ती सूत्राने पटकन निघत होती, मग प्रस्तार लिहायला कोणाला वेळ होता?

नव्या गणिताला दोष देण्याचा प्रश्नच नाही. त्याच्या चिन्हांमुळे जे चार पानांत मावत नसे ते एका ओळीत बसलं. पण मांडून बघणं जुनाट झालं असं समजणं चूक आहे. ऑयलरने १७८२ साली छत्तीस लष्करी अधिकाऱ्यांचा प्रश्न मांडला: सहा पलटणी, सहा हुद्दे, प्रत्येक पलटणीतला प्रत्येक हुद्द्याचा एक अधिकारी. त्यांना सहा बाय सहाच्या चौकोनात असं उभं करायचं की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. जमणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि दहा, चौदा, अठराच्या चौकोनांतही जमणार नाही असा त्याचा अंदाज होता. सहाचं खरं निघालं. फ्रेंच गणिती गास्तों तारीने १९००च्या सुमारास सगळ्या शक्यता गटागटाने हाताने मांडून ते सिद्ध केलं; तो एक प्रचंड प्रस्तारच होता. दहाचं आणि पुढच्यांचं मात्र चुकलं. ते १९५९ साली ज्यांनी दाखवलं त्या तिघांत एक होते शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. सागरला जन्मलेले, नागपूरला शिकलेले, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख. न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे १०२ वर्षांचे होऊन २०२०च्या एप्रिलमध्ये गेले. मराठी घरांत त्यांचं नाव रँग्लर परांजप्यांइतकं पोचलं नाही, याची आम्हाला खंत वाटते.

आणि नष्ट-उद्दिष्ट? संगणकाला असंख्य मांडण्या साठवायला जागा नसते. म्हणून तो मांडणीऐवजी तिचा क्रमांक ठेवतो आणि लागेल तेव्हा क्रमांकावरून मांडणी उभी करतो. ग-म-सा-रे ऐवजी सतरा. शार्ङ्गदेवाच्या खड्यांचं काम आज अशा प्रोग्रॅममधून चालू आहे.

आता वर्गात येऊ. राज्य मंडळाचा कोकण विभाग रत्नागिरीत आहे आणि दहावी-बारावीच्या निकालात तो राज्यात सातत्याने पहिला असतो. मुलं कष्टाळू आहेत, शिक्षक मनापासून शिकवतात, हे त्यातून दिसतंच. पण ज्या मुलांना निकालाची चिंता नाही, त्यांच्याच बाबतीत ‘किती आलं’च्या पुढे जाऊन ‘कसं आलं’ विचारण्याची सवड असायला हवी.

पाठ्यपुस्तकी गणित घेऊ: इंग्रजीत रत्नागिरी लिहिलं तर नऊ अक्षरं. त्यांत आर दोनदा, ए दोनदा, आय दोनदा. नऊ अक्षरांचे क्रम ३,६२,८८०, त्यांना दोन-दोन-दोनने, म्हणजे आठाने भागायचं, ४५,३६०. आता तेच मराठीत विचारा. र, त्ना, गि, री. चारही वेगळी. चोवीस. उत्तर इतकं खाली का आलं? र आणि री एक मानायचे की दोन? ‘त्ना’ फोडायचं की अखंड ठेवायचं? अकरावीतल्या मुलाला या प्रश्नांवर वाद घालू द्यावा. भास्कराचार्यांच्या २, २, १, १चा अर्थ त्याला त्या वादातून जितका कळेल, तितका वीस गणितं सोडवून कळणार नाही.

याला नवा विषय लागत नाही, तासही फार लागत नाहीत. पाचवी-सहावीत तीन वस्तूंचे सहा क्रम, चार वस्तूंचे चोवीस क्रम मुलांनी हाताने लिहावेत, एकही न सुटता आणि एकही पुन्हा न येता. ते कोणत्या शिस्तीने लिहिले हे त्यांनीच वर्गाला सांगावं. प्रत्येकाची शिस्त निराळी निघेल आणि ते चांगलंच. सातवीत सहा रसांची त्रेसष्ट मिश्रणं. आठवी-नववीत, जिथे वृत्तं अजून शिकवली जातात तिथे, मराठीच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी एक तास एकत्र घ्यावा आणि फळ्यावर आठ गणांचा प्रस्तार मांडावा. पेटी वाजवणारं एखादं मूल कोकणातल्या वर्गात असतंच, भजनाच्या डबलबारीने ती सोय केलेली आहे. त्याला सा-रे-ग-मच्या चोवीस ताना ओळीने वाजवायला सांगाव्यात आणि बाकीच्यांनी सतरावी कधी येते ते आधी कागदावर काढून ठेवावं. अकरावीत सूत्र येईल तेव्हा ते या मुलांना ओळखीचं वाटेल. अभ्यासक्रम नव्याने आखला जात असताना पाठ्यपुस्तक मंडळाने एवढी जागा काढावी. तोवर शाळांनी वाट बघत बसण्याचंही कारण नाही. त्यासाठी खडू पुरतो, आणि अध्वयोगाचा हिशेब केला तर चोवीस ओळींना एक फळा.